द्वारकेने आधी जेवावे म्हणून

मी जनकाबाई भ्र. रामप्रसाद कऱ्हाळे, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. दात तीन उरले आहेत, डोकं पूर्ण आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही, काही पाजलेलं नाही, चहा सोडून. अक्षर येत नाही म्हणून सरकारी दवाखान्याच्या गावातल्या आशाताई, शितल मगर, माझ्या सांगण्यावरून हे मृत्युपत्र लिहीत आहेत. बोलते तसंच लिही गं, सुधारत बसू नको.

१. माझ्या नावची एक एकर जमीन माझी सून द्वारकाबाई भ्र. संतराम हिला द्यावी. मुलगा संतराम याला बापाची चार एकर मिळालेली आहे. तिथं तो हळद आणि सोयाबीन घेतो. हळद ताटात येते ती चिमूटभर, सोयाबीन तेवढीही नाही. त्याच रानात आमची ज्वारी असायची, मधून तूर, बांधाला अंबाडी. "पाखरं राखायला माणूस न्हाई, आई," म्हणतो. "काहून, तू काय करून राहिला?" म्हटलं की मोबाईल कानाला लावतो.

सदर एकरात दहा गुंठे ज्वारी खायला पेरावी. पेरणार नाहीत. तरी लिही.

२. संतरामला माझी काठी द्यावी. त्याला शुगर आहे. सकाळी कारल्याचा रस पितो आणि त्याच्या जोरावर टपरीवर दोन गोड चहा आणि जिलेबी खातो. पायाचं एक बोट गेलं, काठी लागेलच.

३. पितळी ताट मोडीत घालावं. त्यात आमचे मालक जेवायचे आणि मागून त्याच उष्ट्या ताटात मी. ते कुणालाही देऊ नये.

४. द्वारकाबाई चव्वेचाळीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात हळद काढताना रानात पडली, रक्त सहा भरलं. डॉक्टरनं विचारलं, काय खाता? "समदं खाते," म्हणाली. खरं मला विचारा. आधी गडीमाणसं, मग लेकरं, मग मी, मग दारात आलेलं कुणीही. त्यानंतर भांड्याला लागलेलं वरण आणि चहा, ते हिचं. ही रीत मी लावली. ती नवी नवरी होती तेव्हा परातीत पीठ मी काढून द्यायचे. तिच्या वाटची भाकर त्यात धरायचे नाही. उरतेच की एखादी, असं वाटायचं. एखादी रोज उरत नाही.

५. शितल, हे तुझ्यासमोरच कबूल करते. तू दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी तिला परसाकडला काळं व्हायला लागलं. मी भ्याले. तिच्या सगळ्या गोळ्या कढीपत्त्याच्या बुडाला घातल्या, झाडाला चांगल्या म्हणून. झाड गच्च झालं. ते द्वारकाबाईला द्यावं, तिचंच रक्त पिऊन वाढलंय. आता डोळे वटारू नको, लिही.

६. द्वारकाबाईने आज माझ्यासमोर, सगळ्यांच्या आधी, बसून पोटभर जेवावं. त्याशिवाय मी या कागदाला अंगठा देणार नाही.

झालं ते आता लिही. ताट वाढलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली, दोन घास घेतले. तेवढ्यात दोघे साक्षीदार, सोमेश्वर आणि शंकरसिंग, हळदीच्या रानातून आले. ती उठली.

"बस की गं!"

"आत्याबाई, पाव्हणे उपाशी अन् मी खाऊ? घशाखाली उतरत न्हाई माझ्या."

ताट झाकलं, चुलीपाशी गेली. शंकरसिंग म्हणाला, "राहू द्या माय, जेवणाचं काय." म्हणाला आणि बसला. सोमेश्वर बसला, संतराम बसला. शितल, तुलाही वाढलं, तूही जेवलीस. संतरामला भाकर कमी पडली तेव्हा ते झाकलेलं ताट उघडलं. मग तिनं मला वाढलं. मला भूक लागली होती. मी जेवले.

कलम सहा खोडावं. बाकीचं वाचून दाखवलं, बराबर आहे. शाई आण.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : जनकाबाई भ्र. रामप्रसाद कऱ्हाळे

साक्षीदार :
१. सोमेश्वर दळवी, रा. कुरुंदा (सही)
२. शंकरसिंग राठोड, रा. तांडा (सही)

हस्ताक्षर : शितल मगर (सही)

ठिकाण : कुरुंदा
दिनांक : २ मार्च २०२५