दिवाणाचे ठोकळे

निडी, ता. रोहा
आषाढ, लावणी आटोपल्यावर

प्रिय हैबत,

हर्षदबरोबर गणपतीचा पाट पाठवतोय. दरवर्षी मी आणि हौसा मिळून पाट घेऊन पेणला येतो, आणि तू कारखान्यातून रंगाचे हात तसेच घेऊन बाहेर येतोस, "आली बघा निडीची वरात" म्हणून ओरडतोस. यंदा पोरगा एकटाच पाट बगलेत मारून आलेला दिसला की तू काय समजायचं ते समजशीलच. तो काही बोलणार नाही, बापावर गेलाय. मी फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं सगळं हौसाला ऐकू जातं. तिचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून ओटीवर बसून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, शाळेत तुझंही काही मोत्यासारखं नव्हतं. रेघा फक्त मूर्तीवरच बऱ्या काढतोस.

तिच्या कंपवाताचं तुला ठाऊक आहे. आधी हात कापायचा, मग अंग आखडायला लागलं. पण दिवाणाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सुरभीच्या लग्नात हौसानं हट्टानं घेतलेला तो दिवाण, नक्षीचा, ठेंगणा, जमिनीला चिकटलेला. लेकीला सासरी धाडलं आणि ही त्याच्यावर ठाण मांडून बसली. तिथूनच वाल सोलायची, आल्यागेल्याची चौकशी करायची, मला कामं सांगायची. एका संध्याकाळी वाल सोलून झाले, परात बाजूला सारली आणि तिला उठताच येईना. मी समोर बसून काहीबाही बडबडत होतो, ती हूं हूं करत होती. दिवेलागण झाली तरी ही देवाला दिवा लावायला उठत नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काखेत हात घालून उठवली. "कुणाला सांगू नका," एवढंच म्हणाली. उभा जन्म जिनं मला बसू दिलं नाही, तिला मी उठवायचं, हे तिला सोसवेना. खरं सांगू, मलाही सोसवलं नाही.

मग मी दिवाण वर उचलायचा ठरवला. आधी पायांखाली विटा घातल्या, तर तो डुगडुगायला लागला, आणि हौसा म्हणाली, "मला बसवताय का उलथवताय?" तेव्हा परसातला पडलेला फणस होता, त्याचे चार ठोकळे केले. वरून खोबण कोरली, दिवाणाचा पाय आत घट्ट बसेल अशी. पण उत्साहाच्या भरात ठोकळे उंच झाले. हौसा बसली आणि पाय लोंबकळायला लागले, बोटंसुद्धा भुईला टेकेनात. पायाखाली द्यायला काहीतरी शोधत होतो, माळ्यावर हाताला पाट लागला, तो सरकवला. थोड्या वेळानं बघतो तर बाई पाय पोटाशी ओढून अवघडून बसलेली. म्हणाली, "गणपतीचा पाट हाय तो. त्याच्यावर पाय ठेवू? खुळं झालात काय?" मी जीभ चावली. पाट धुतला, माळ्यावर ठेवला आणि ठोकळे थोडे कापून आणले. हो, हाच तो पाट. तुझ्यापासून काय लपवायचं? पण तिनं पाय लावला नव्हता, तेव्हा तू निर्धास्त राहा.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून उठली, हैबत. दोन्ही हात कडेला टेकले, जरा पुढं झाली आणि उभी. तशीच मागच्या दारी गेली आणि शेजारच्या चिमाला हाक मारली, "मी उठले गो!" चिमाला काय कळणार? ती म्हणाली, "मग च्या टाकू काय?" मी मात्र गोठ्यात जाऊन डोळे पुसले.

मग मला नादच लागला. खुर्ची उंच केली, संडासातली बैठक उंच केली. हर्षद म्हणायचा, बाबा आता घरच उचलून ठेवतील. गेल्या गणपतीत हौसानं नवीन खोडा घातला. देवापेक्षा उंच कशी बसू म्हणे. "मला वर केलंत, मग देवाला नको?" तेव्हा चौरंगाखाली टेबल दिलं. आरतीला ती उंच खुर्चीत बसली, तर तुझ्या मूर्तीचे डोळे अगदी तिच्या डोळ्यांसमोर आले. इतकी वर्षं देव उभ्या माणसांकडे बघायचा, यंदा माझ्याकडं बघतोय, असं येईल त्याला सांगत होती. त्या दिवसांत ती फार खुशीत होती.

शिमग्यानंतर सगळं बदललं. आता हात टेकले तरी अंग पुढं येत नाही. कुशीवर वळायलाही कुणीतरी लागतं. डॉक्टर गोळ्या बदलतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. दिवाण उंच, त्यामुळे तिला पडायची भीती वाटते, रात्रभर माझं मनगट धरून असते. लावणी चालू असताना एक दिवस मला म्हणाली, "ठोकळे काढा आता." मी ऐकलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी पुन्हा म्हणाली, "उठायसाठी होते ना ते? मग काढा." हर्षदला शिफ्टवरून बोलावून घेतलं, दोघांनी दिवाण उचलला आणि एकेक ठोकळा काढला. घालताना मी गुणगुणत होतो. काढताना हर्षदच्या तोंडाकडे बघवेना. आता ती पुन्हा खाली आहे, तिच्या आवडीच्या जागी, आणि शांत झोपते.

काल पाट उतरवला. दरवर्षी तो तीच पुसते. म्हणून फडकं तिच्या हातात दिलं, वर माझा हात ठेवला, आणि दोघांनी मिळून पुसला. पुसून झाल्यावर ती पाटाकडे बघत म्हणाली, "यंदा देव मला दिसंल, पण त्याला मी दिसेन काय?"

एवढ्यासाठीच हे लिहिलं, हैबत. टेबल काढून चौरंग दिवाणाशेजारी ठेवणार आहे. तिला मान उचलता येत नाही. डोळ्यांची आखणी तू स्वतः कर, कारागिरावर सोपवू नकोस. आणि डोळे काढताना देवाची नजर जरा खाली ठेव. पुढच्या वर्षी पाट पाठवेन तेव्हा नेहमीसारखी समोर ठेवली तरी चालेल.

तुझाच,
दिनानाथ