एकीची पाटी

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावर रागावायला मला अजून वेळ मिळतो. कामाला जाताना आपल्या वाशीमकडच्या मालेगावला बस बदलावी लागते. तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत स्टँडवरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडून घेते. आज वही आणि पेन घेऊन आले आहे. तुम्हाला अक्षर वळणदार लागायचं, म्हणून मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहिते आहे. बाजूला बसलेल्या बाईंनी विचारलं, कोणाले लिवून राह्यली? मी म्हटलं, आमच्या सरांना. त्या म्हणाल्या, चांगले असतीन सर.

शिकवायचात मात्र चांगलं. हे कबूल करताना अजून माझा जळफळाट होतो. सातवीचा वर्ग, दुपारची सुट्टी संपल्यानंतरचा विज्ञानाचा तास. फळ्यावर तुम्ही माणसाचं धड काढता, उजव्या बरगड्यांखाली लाल खडूने यकृत आणि पाठीकडच्या बाजूला घेवड्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं. पोटात गेलेल्या अन्नातलं बरंचसं रक्तात मिसळतं आणि ते रक्त आधी यकृताकडे जातं. तिथे साखर साठवली जाते, औषध असो की दारू, त्यातलं विष मोडलं जातं, पित्त तयार होतं. मूत्रपिंडं दिवसभर रक्त गाळतात, कामाचं ठेवून घेतात आणि नको ते लघवीतून बाहेर काढतात. तुम्ही म्हणायचात, यकृत म्हणजे घरातलं सैपाकघर आणि मूत्रपिंड म्हणजे मोरी. मोरी तुंबली तर सैपाकघर कितीही चांगलं असो, घरात राहता येत नाही. म्हणून भरपूर पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. इतकं सोपं करून आजही आमचे डॉक्टर सांगत नाहीत. रुग्णांच्या घरच्यांना मी तुमचीच मोरी सांगते, तुमचं नाव न घेता.

पण त्याच वर्गात तुमच्या टेबलावर ती फुटकी पाटी असायची. तिच्यावर खडूने एकाचा मोठा आकडा काढलेला आणि वरच्या भोकात सुतळीने संडासाची किल्ली बांधलेली. एकीला जायचं तर ती पाटी तुमच्या हातून मिळायला हवी. तपासणीला साहेब आले तर संडास स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणून तो वापरायचाच नाही, असा तुमचा हिशेब. मुलांना पाटी लागत नव्हती, ती भिंतीमागे जाऊन यायची. आम्ही मुली कुठे जाणार? घरून निघतानाच आई म्हणायची, शाळेत जायचं त पानी कमी पे. ज्या तासाला तुम्ही पाणी प्या सांगत होतात, त्या तासाला आम्ही सगळ्या कोरड्या घशाने बसून ते वहीत उतरवून घेत होतो.

मी एकटी मूर्ख निघाले. तुमचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत डब्याबरोबर दोन पेले पाणी प्यायले, कारण सरांनी सांगितलं होतं. अर्ध्या तासात उभी राहून करंगळी वर केली. तुम्ही मूत्रपिंडातल्या नळ्या काढत होतात. मागे वळून म्हणालात, "काहून उठून राह्यली? बस खाली. तास संपू दे." मी बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा तुम्ही वर्गाकडे बघून म्हणालात, हिची मोरी लयच वाहून राह्यली. वर्ग हसला. तुमच्या विनोदांना वर्ग नेहमीच हसायचा. आणि मग मी उभ्या उभ्या, तिथेच. फ्रॉक, पायमोजे, बाकाखालची फरशी. तुम्ही टेबलावरची पाटी उचललीत, माझ्याजवळ आलात आणि ती माझ्या हातात देत म्हणालात, घे, आता जा.

आता जा. सर, हे दोन शब्द मी किती वर्षं चघळले असतील.

त्यानंतर मी रोज शाळा सुटेपर्यंत पाणी पिणं सोडलं. घोटही नाही. आठवीत हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळ, लघवी लालसर. गोळ्यांनी बरं वाटलं, पुन्हा झालं, पुन्हा बरं वाटलं. दहावीच्या वर्षी बाबांनी वाशीमला नेलं. सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड आकसलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले की जन्मापासून रचनेत थोडा दोष असावा, आणि पाणी न पिण्याने, लघवी तुंबवण्याने, वरचेवर जंतुसंसर्ग होऊन त्यात भर पडली. त्यातला पहिला अर्धा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. मला तो नको आहे. मला दुसराच हवा आहे, कारण त्यात तुम्ही आहात.

पुढे डायलिसिस तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. चौथ्या वर्षी तुम्ही आलात. तुमच्या घरच्या काकूंच्या खांद्यावर हात, पाय सुजलेले, चेहरा राखेच्या रंगाचा. तुमची फाईल मी दोनदा वाचली आणि, खोटं कशाला सांगू, मजा घेत वाचली. साखर आणि रक्तदाब कधी तपासलेलाच नाही. गुडघे दुखतात म्हणून किराणा दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. वर कोणीतरी दिलेली कसली तरी पुडी. यकृताने हे सगळं मुकाट निस्तरलं असणार, त्याचा स्वभावच तसा. थोडं कापून काढलं तरी ते पुन्हा भरून येतं. मूत्रपिंडं तशी नसतात. एकदा गेली की गेली. हेही तुम्हीच शिकवलं होतं. मनात म्हटलं, बरं झालं.

तुम्ही मला ओळखलं नाहीत. आठवड्यातून दोनदा मी तुमच्या हातात जाड सुया घालायचे, तुमचं रक्त यंत्रातून फिरवून परत आत सोडायचे, आणि तुम्ही मला पोरी म्हणायचात. एकदा छताकडे बघत म्हणालात, "एकी होत नाही व पोरी आता. दोन-दोन दिवस थेंब नाही." तोच शब्द. साठी उलटलेला माणूस आणि शब्द सातवीच्या वर्गातला. मी यंत्राच्या मागे गेले, कारण मला हसू येत होतं. ते दुसऱ्या कोणाला दिसायला नको होतं.

मग तो उन्हाळ्यातला दिवस. बाहेर डांबर वितळायला आलेलं, आतला कूलर नुसता आवाज करणारा. लघवी होत नाही अशा माणसाने पाणी प्यायलं की ते अंगातच साचतं, फुफ्फुसांत उतरतं, हृदयावर ताण येतो. म्हणून तुमचं पाणी मोजून. तुमचे ओठ सालपटले होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, घोटभर पाणी दे." मी नळी तपासत राहिले. काकू उठून माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, बाई, यायले ओठ ओले करण्यापुरतं तरी द्या ना वो, सकाळपासून काईच नाई घेतलं. मी तुमच्याकडे वळले, तुमच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हटलं, "पडून राहा, सर. तास संपू द्या."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. आठवलं की नाही, देव जाणे. तुम्ही मान भिंतीकडे वळवलीत. पुढच्या खेपेला तुम्ही आला नाहीत. सकाळी घरीच वारलात, असं काकूंनी फोनवर कळवलं. मी तुमच्या जागी वेटिंगमधला रुग्ण घेतला.

आता शनिवारी मी आसेगाव, इंझोरी अशा गावांतल्या शाळांमधून बोलायला जाते. पाणी प्या, लघवी रोखू नका, दुखण्याच्या गोळ्या मनाने खाऊ नका, घरातल्या मोठ्यांची साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, दारूने यकृत जातं, काविळीवर पुड्या घेत बसू नका. आणि मग तुमची गोष्ट सांगते. नाव नाही सांगत, पण पाटी सांगते, किल्ली सांगते, घे आता जा सांगते. मुली हसत नाहीत. बोलणं संपलं की मुख्याध्यापकांकडे संडासाची किल्ली मागते आणि ती मिळेपर्यंत त्यांच्या ऑफिसातून हलत नाही. पाच जिल्हा परिषद शाळांमध्ये आता कुलूपच नाही. तुमचा सूड मी असा घेते, दर शनिवारी, आणि मला त्याचा कंटाळा येत नाही.

बस लागली आहे. हे पत्र वहीतच राहील. तुमचा पत्ता आता कोणाकडे आहे? फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही पाणी मागितलंत त्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले होते. तुमचं वजन बघून मला म्हणाले, सरांनी या वेळी पाणी अगदी सांभाळलंय, वजन फार वाढलेलं नाही, आज अर्धा कप दिलं तरी चालेल. हे तुम्हाला माहीत नव्हतं, काकूंनाही नाही. दोन दिवस तुम्ही डॉक्टरांनी सांगितलं तसं वागला होतात, सर, तुमचं ऐकून मी दोन पेले प्यायले होते तसंच. अर्धा कप मी भरूनही ठेवला होता. तो माझ्या मागच्या टेबलावर होता, आणि तुमचा तास संपल्यावर मी तो बेसिनमध्ये ओतला.