चढावरचं भांडण

सौ. हीस सप्रेम नमस्कार आणि एक नवं भांडण,

रक्तदाबाची आणि साखरेची, दोन्ही गोळ्या वेळेवर घेतो. डॉक्टरीणबाईंनी सायकलला परवानगी दिली. म्हणाल्या, "रक्तदाबाच्या गोळीमुळे तुमची नाडी फारशी वाढणार नाही, तिच्यावर जाऊ नका. चढावर नीट बोलता येतंय, तोवर ठीक."

आता एकट्याने बोलायचं कोणाशी? म्हणून कारखान्यामागची टेकडी रोज तुझ्याशी मोठमोठ्याने भांडत चढतो. पडद्यांचा रंग, तुझा भाऊ, सगळं निघतं. लोक वळून बघतात. परवा जरा गरगरलं, पण खिशातली साखर तोंडात टाकून बसलो, बरं वाटलं. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज माथ्यावर पोचलो तर ढग पायाखाली! गाव, कारखाना सगळं बुडालेलं, नुसतं धुराडं वर. तेवढ्यात खालून थवा गेला. उडत्या पक्ष्यांच्या पाठी मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या गं. उन्हात लखलखत होत्या.

तुझ्या भावाचा विषय अर्धाच राहिला. तोंडून शब्द फुटेना. घाबरू नकोस, धाप लागली नव्हती. तू शेजारी असतीस, तर आपण दोघंही एकाच वेळी गप्प बसलो असतो.

तुझाच,
भांडण हरलेला