प्रोग्रॅम थांबला की फॉर्म

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून काम सुरू. कुठलाही प्रोग्रॅम द्या. तो कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे माझा प्रोग्रॅम आधीच सांगणार. पंधरा दिवस पुरेत. सुखना लेकची सकाळची फेरी तोवर बंद. विज्ञानासाठी त्याग.

६ मार्च
स्वराली (कन्या, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष) म्हणाली, "पापा, ये हो ही नहीं सकता. १९३६ में प्रूव्ह हो चुका है." १९३६ साली लॅपटॉप तरी होते का? तिचं म्हणणं, एक उलटा प्रोग्रॅम घ्यायचा. आपण 'थांबेल' म्हटलं की तो पळतच राहतो, 'पळेल' म्हटलं की थांबतो. असला आडमुठेपणा एअर फोर्समध्ये चालत नाही.

११ मार्च
वीणाने (पत्नी) बदलीच्या पसंतीच्या फॉर्मची आठवण केली. मुदत २५. पुणंच लिहा म्हणाली. तिच्या आईचं डायलिसिस सुरू झालंय. पक्का, म्हटलं.

१४ मार्च
प्रोग्रॅम तयार! पहिली चाचणी त्याची त्याच्यावरच. काळा स्क्रीन, कर्सर लुकलुकतोय. खोल विचार चालू दिसतो.

१९ मार्च
पाच दिवस झाले. वीणा पुन्हा फॉर्म, फॉर्म. पण फॉर्म याच लॅपटॉपवर आहे, तो उघडला तर प्रोग्रॅमची समाधी मोडेल. ठराव: प्रोग्रॅम थांबला की लगेच फॉर्म.

२५ मार्च, दुपारी ४
आज थांबणार. आतून वाटतंय.

२६ मार्च
नाही थांबला. मुदत एक-दोन दिवस वाढवतातच.

२८ मार्च
वाढवली नाही. स्वरालीने कोड वाचला. चौथी ओळ: एन्टर दाबेपर्यंत वाट बघ. चाचणीसाठी मीच घातलेली. दोन आठवडे बिचारा माझी वाट बघत होता. एन्टर दाबलं. सेकंदात उत्तर: 'थांबेल.' आणि थांबला. उत्तर बरोबर आलं, पण हे वीणाला सांगायची हिंमत झाली नाही.

१७ एप्रिल
बदली तेजपूरला. वीणा पुण्याला निघाली, आईकडे. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने पत्ते मीच घातले. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन वेगळे. वाईट वाटलं, फार वाईट. किती दिवसांसाठी जातेस, विचारलं.
"ते आधी सांगता येत नाही," ती म्हणाली. "स्वरालीने समजावलं होतं ना तुम्हाला?"
समजावलं होतं.