डर्वलाचं एक वाक्य

३ नोव्हेंबर, सोमवार

डर्वला बोलली! तेही आयरिशमध्ये, सगळ्या वर्गाच्या नाकावर टिच्चून.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. मी आयरिशमध्ये विचारत होते – समुद्रावर होतास का, आजीकडे होतीस का. या भाषेत 'हो'ला शब्द नाही, 'नाही'लाही नाही. क्रियापदच परत करायचं. होतीस का? – होते. पहिलीपासून शिकवतात, तरी कार्टी 'शा, शा' करतात – म्हणजे 'तेच ते' – आणि इंग्रजी 'येस'ची सोय लावून घेतात. वैतागून फळ्याकडे वळले, तर मागून आवाज आला, "वी." होते. डर्वला. मान खाली, रंगवणं चालूच.

तिला आयरिशमधून सूट आहे. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत. इंग्रजीशी झगडतानाच दमते बिचारी. म्हणून आयरिशच्या तासाला रंगपेटी घेऊन मागच्या बाकावर बसते. मला वाटायचं, नुसती बसते.

४ नोव्हेंबर

सप्टेंबरात मी तिला म्हणाले होते, "तुला एकच वाक्य. बाहेर जायचं तर सगळ्यांसारखं आयरिशमध्ये विचारायचं." ते मात्र ती ठसक्यात म्हणते – "अन विल क्याद अगम दुल अमाख?" गरज नसतानाही. व्हरांड्यात जाते, घोटभर पाणी पिते, ऐटीत परत येते. मी कधी नाही म्हणत नाही.

७ नोव्हेंबर

फाटकाशी डर्वलाची आई भेटली. मजेला तिचं नाव. मी म्हटलं, पोरीचा कान तयार आहे, तिला पुढे बसवते, सूट राहू दे कागदावर.

मजेला गाडीच्या किल्ल्यांशी चाळा करत म्हणाली, "ऐकू दे की तिला नुसतं, बाई. सूट मिळायच्या आधी रोज सकाळी पोट दुखायचं तिचं. आता गाणं म्हणत निघते."

"वाचायला नाही लावणार फारसं."

"फारसं म्हणजे?"

मी हसण्यावारी नेलं. शेवटी ती म्हणाली, "बघा बाई. तुमच्यावर सोडते."

१० नोव्हेंबर

डर्वला पहिल्या बाकावर. रंगपेटी दप्तरात.

१३ नोव्हेंबर

काय सुचलं मला!

तिला सोपं जावं म्हणून फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं. बाहेर जाऊ का. आमच्या लिखाणाची तऱ्हा मला ठाऊक नाही का? म्हणायचं नुसतं 'विल', आणि लिहायचं तर सुरुवातीलाच ब, ह, फ अशी अक्षरांची ही गर्दी, त्यातली निम्मी मुकी! ती बघत राहिली. ओठ हलत होते. "ब… बफ…" पुढे काही नाही.

पहिल्या रांगेतला किलिअन म्हणाला – वाईट मनानं नव्हे – "अगं, तू रोज म्हणतेस तेच आहे हे." वर्ग हसला.

डर्वला लालबुंद झाली. हळूच म्हणाली, "माझं असं नाहीये."

मी घाईघाईनं फळा पुसला. पण आता पुसून काय उपयोग होता?

१४ नोव्हेंबर

डर्वला आली नाही. पोटात दुखतंय, असा मजेलाचा निरोप. बाकी काही नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर

मागचा बाक आणि रंगपेटी परत दिली. म्हटलं, "चुकलं माझं, बाळा."

"असू दे, बाई."

मग नेहमीसारखं विचारत गेले – काल पावसात होतास का, मॅचला होतीस का. वर्ग 'शा, शा'. मी मुद्दाम थांबले, मागे न बघता. मागून कुणी बोललं नाही.

इतकी वर्षं मी या सवलतीवर चिडत आले. सूट म्हणजे आमच्या भाषेला लागलेली गळती, असं शिक्षकांच्या खोलीत तावातावानं बोलले. आणि या पोरीला सूट होती म्हणूनच तर भाषा तिच्या कानात शिरत होती. मला ती तशीच शिरू देता आली नाही. फार वाईट वाटतंय.

१९ नोव्हेंबर

डर्वलानं बाहेर जायची परवानगी मागितली. इंग्रजीत.