पुसलेली पावडर

१९ जानेवारी १९५६, गुरुवार
कर्फ्यू. शाळा बंद. दूध आलं नाही, कोरा चहा. यांनी सकाळीच माळ्यावरून ईझल उतरवलं. मार्चअखेर मी निवृत्त होणार. मुख्याध्यापिका गेली की तिचं चित्र सभागृहात लागतं, असा आमच्या शाळेचा रिवाज. मी म्हटलं, फोटो मोठा करून घेतील. "घरात ड्रॉइंग मास्तर असताना?" तीस वर्षांच्या संसारात यांनी वाडीतल्या मांजरीपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना काढलं, मला कधी नाही. विचारलं की, "हेडबाईंना काढण्याइतका हात तयार नाही अजून." आता झाला म्हणे. खिडकीपाशी बसले. पदर नीट करायलाही बंदी.

२१ जाने., शनि.
ठाकूरद्वारच्या बाजूला गोळीबार. पलीकडच्या वाडीतला कोणी तरुण गेला म्हणतात, नाव अजून कळलं नाही. आणि मी इथे मान तिरकी करून बसलेली. लाज वाटली, उठले. "बस. उठून काय करणार आहेस? दार तर उघडता येत नाही." बसले.

इतका वेळ कोणी आपल्याकडे बघावं, ही सवय नाही. मला दाखवण्याचा दिवस आठवला. लहानपणी आलेल्या देवीचे वण झाकायला आईने तोंडावर पावडरचा थर दिला होता. हे समोर बसले, बघितलं आणि चारचौघांत म्हणाले, "ती पावडर पुसून या." ओल्या पदराने पुसून आले. त्याच संध्याकाळी होकार. बी.ए. झालेली, वण असलेली, चोविशी उलटलेली मुलगी. त्याआधी सगळे नकारच.

ही गोष्ट दर जूनला नव्या मुलींना सांगते. शाळेत आरसा का नाही, पावडर का चालत नाही, हे मग परत समजवावं लागत नाही.

२८ जाने., शनि.
चित्र झालं म्हणतात. वर चादर. रंग वाळेपर्यंत बघायचं नाही.
समोरच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असं पोरांनी लिहिलं होतं. पोलिसांनी त्यावर चुना मारून घेतला. पातळ मारलाय. ऊन आलं की अक्षरं दिसतात.

१९ फेब्रु., रवि.
चादर काढली.
शेजारच्या साळवीवहिनी दारातूनच, "ही कोण हो, धाकटी बहीण काय तुमची?"
एक वण नाही. गाल उकडीच्या मोदकासारखे. डोळे माझे, नाक माझं, चष्मा माझा. बाकी दुसरीच कोणी.
छान आहे म्हटलं. पोळ्या करायला गेले.

२० फेब्रु., सोम.
शाळेत दोन वर्ग घेतले, दोन्हींत उगाच रागावले.

२२ फेब्रु., बुध.
शेवटी विचारलं, जेवताना. "गुळगुळीत करायला शाळेच्या कमिटीने सांगितलं का?"
"कोणी नाही सांगितलं. दिसतेस तशी काढली."
"आणि वण?"
पानावरून वर बघितलं, खरोखरच गोंधळलेले. "अगं, ते मला दिसत नाहीत. कित्येक वर्षांत दिसले नाहीत."
दुसरी एखादी विरघळली असती. इतके दिवस समोर बसवून घेतलं, चष्म्याच्या दांडीची सावलीसुद्धा सोडली नाही, आणि एवढंच दिसलं नाही?
"मग ती पावडर का पुसायला लावलीत?"
"कोणती पावडर?"
कोणती, हेही मलाच सांगावं लागलं. मग हसले. "हां, ती होय. केवढी थापली होती. चुना फासल्यासारखी, कानापाशी तर पोपडे. मला बघवेना."
"वण बघायचे म्हणून नव्हे?"
"ते पुसल्यावर दिसले."
"मग?"
"मग काय. सगळ्यांसमोर मीच पुसायला लावलं, आता नाही कसं म्हणणार?" हसत हसतच म्हणाले. थट्टा असेल.
असेल.
आमटी वाढली.

२३ फेब्रु., गुरु.
वाक्य यांचं, अर्थ माझा. तो मी दर जूनला मुलींना वाटला, आणि उरलेल्यावर संसार केला. यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही. तेच तर...

२६ फेब्रु., रवि.
कुसुम आली. माझी विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत शिकवते. लहानपणी देवीतून उठल्यावर वर्गात हाताने तोंड झाकून बसायची. तिला पुढे बोलावून तिचा हात मी माझ्या गालावर ठेवला होता. "मोज," म्हटलं होतं. तेव्हापासून तिचा हात खाली आला. मला वाटलं, चित्र बघून हिला तरी राग येईल.
चित्राजवळ जाऊन बघितलं. "किती सुंदर दिसताय, बाई."
"मी अशी दिसते?"
"नाही. पण चित्रात तरी नकोत ना ते."
पावडरची गोष्ट विसरलीस का, म्हटलं.
"नाही विसरले. वर्गात धीर यायचा. घरी जाईपर्यंत पुरायचा नाही, बाई."
रुमाल काढताना पर्समध्ये गुलाबी डबी दिसली. तिने लपवली नाही.
"रोज लावतेस?"
"रोज. शाळेच्या जिन्यात पुसते."
चहा घेऊन गेली. रोज पुसते, तीही माझ्या शाळेच्या जिन्यात.

११ मार्च, रवि.
यांना सांगून टाकलं, हे चित्र लागणार नाही. मुलींना खोटं दाखवणार नाही. "खोटं काय आहे त्यात?" एवढंच म्हणाले आणि ग्रंथालयात जाऊन बसले. कमिटीचा निरोप आलाय, फ्रेम तयार आहे.
इथे लिहून ठेवते. हे बाहेर गेल्यावर चादर उचलून बघितलं. ती बाई मला आवडते. संध्याकाळी परत बघितलं. याचा राग जास्त.

२५ मार्च, रवि.
समारंभ शनिवारी. आज सकाळी यांनी आपणहून ईझल खिडकीशी नेलं, तपकिरी रंग कालवला. "ये. कुठे कुठे आहेत ते दाखव. तू बोट ठेवशील तिथे देतो."
बोट उचललं. डाव्या गालावर जास्त की उजव्या? कपाळावर आहेत का? हात तसाच राहिला. जन्मभर त्या वणांचं नाव घेऊन भाषणं केली. कुंकूसुद्धा आरशाशिवाय, अंदाजाने लावते.
"तुला माहीत नाहीत?" थट्टेने नाही विचारलं.
"तुम्ही बघून काढा. मी समोर बसते."
"मला दिसत नाहीत म्हटलं ना."
खरं की खोटं, त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं नाही. पूर्वी कळायचं असं वाटायचं.
घरात आरसा एकच, यांचा दाढीचा, मोरीतल्या खिळ्याला. काढून आणला. टेबलावर पालथा ठेवला आणि ही वही ओढली. हे खिडकीशी बसलेत. रंग वाळू नये म्हणून दोनदा तेल घातलं. ऊन भिंतीवर आलंय.
"लिहून झालं का?" विचारताहेत.
अजून नाही.