काल राहिलं ते आज वर

आये,

परवा मासळी बाजारात गेले होते. तुझ्या जागेवर आता वहिनी बसते. तू गेल्यावर बसली ती अजून बसते आहे. जुनी गिऱ्हाइकं अजूनही तिला म्हणतात, "म्हातारीची सून ना गो तू? हात तिचाच हाय." ती मान हलवते, वाटा लावते, वर एक मासा टाकते. मी पिशवी घेऊन समोर उभी असते. मी कोणाची ते मला कोणी विचारत नाही.

एक दुपार तुला आठवते का, माहीत नाही. मी सातवीत आहे, शाळेला सुट्टी आहे. तू बर्फ आणायला गेली आहेस आणि मी तुझ्या पाटावर बसले आहे. एक बाई बांगड्याचा वाटा मागते. मी तुझ्यासारखा वर एक बांगडा टाकते आणि तुझ्यासारखंच म्हणते, "घ्या, काल कमी गेलं होतं." काल काय गेलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही सगळ्याजणी तसंच करायचात. काल वाटा लहान गेला तर आज वर घालून भरून काढायचा, म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही. बाई खूश झाली. तेवढ्यात तू आलीस. "ऊठ." शेजारची म्हणाली, "ऱ्हावं दे गो, पोर बरी बसलीय." तू म्हणालीस, "हितं बसायला नाय शाळेत घातली तिला." मला नळावर नेऊन माझे हात लाल होईपर्यंत घासलेस. त्यानंतर बाजारात येऊ दिलं नाहीस. त्याच पावसाळ्याआधी हातखंब्याच्या सुताराकडून माझ्यासाठी टेबल करवून घेतलंस. मासळीच्या टेम्पोतून ते घरी आलं. आळीतली माणसं बघायला आली, कारण आळीत कोणाकडे टेबल नव्हतं. माझ्यावर तुझा जीव होता यात शंका नाही. फक्त मी त्या टेबलापाशी असायची आणि तू दिवसभर दुसरीकडे.

मग वहिनी आली. तिला ओरडता येत नव्हतं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची. तू तिला पहिल्या आठवड्यातच बाजारात नेलंस. घरी आल्यावर तुम्ही दोघी ओट्यापाशी बसून दिवसभराचं बोलायचात, हसायचात. मी आतून ऐकायचे. "तोंडात काय गूळ धरून बसलीवस काय गो? हाक मार." असं तू तिला चारचौघांत बोलायचीस, रोज. मला बाजारात एकदाच ओरडलीस. त्या रोजच्या ओरडण्याचा मला हेवा वाटायचा. मी तुझ्या पोटची, ती तुझ्या हाताखालची, आणि बघता बघता तिचा आवाज तुझ्यासारखा झाला. कमरेवर हात ठेवायची तऱ्हा तुझी झाली. मी एम.ए. झाले, खेडला नोकरीला लागले, कविता शिकवू लागले. तू गेलीस तेव्हा तिच्या मांडीवर डोकं होतं तुझं. मी एस.टी.त होते.

आता जे झालं ते सांगते. मागच्या वर्षी माझी झोप गेली. मग भूक गेली. मग वर्गात बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहू लागलं आणि मुलं खाली बघू लागली. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली, सकाळी एक. मी रजा टाकली, दादा खेडला येऊन मला घरी घेऊन आला. गोळीचा उपयोग हळूहळू होत होता. मग मी दाभोळला मामीकडे गेले आणि गोळ्या घरीच विसरले. एका दिवसासाठी गेलेली, मामीने सोडलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं हलकं झालं, मान वळवली की डोळ्यांपुढून काहीतरी सटकन जायचं. परत येताना फेरीबोटीत कठडा धरून बसले.

घरी आले तेव्हा वहिनी विळीवर बसून सौंदाळे साफ करत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्स, तोंड कसं झालंय तुमचं? गोळ्या घेतल्यात ना?" विसरले म्हणून सांगितलं. ती सहज म्हणाली, "मग राहिल्या त्या वर घ्या. आई तशाच घ्यायच्या." मी विचारलं, "कशा?" "प्रेशरच्या गोळ्या हो. राहिल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्या एकदम. म्हणायच्या, गिऱ्हाइकाचं भरून काढतो, मग अंगाचं नको काय भरायला?" आणि हसली. ते हसू तिच्या आणि तुझ्यामधलं होतं.

मला हे ठाऊक नव्हतं. तू गोळ्या कशा घेत होतीस, घेताना काय बोलत होतीस, काहीच ठाऊक नव्हतं. गोळीच्या खोक्यात कागद असतो, त्यावर सगळं छापलेलं असतं. छापलेलं वाचणं हे माझं कामच आहे. मी वाचलं नाही. अंगाला त्रास होईल असं मनात आलं नाही. मनात एवढंच होतं की हे तुमच्यातलं आहे आणि आता मलाही सांगितलं गेलं आहे. पाकीट फोडलं आणि राहिलेल्या सगळ्या, त्यावर त्या दिवसाची, पाण्याबरोबर घेतल्या.

दुपारी हात थरथरू लागले. घाम सुटला, छातीत धडधड, दात आपोआप आवळले जात होते. पाय एका जागी राहीनात. दादा बोटीवर होता. वहिनीने रिक्षा बोलावली, दवाखान्यात तिनेच आधी बोलायला सुरुवात केली, "मी सांगितलं म्हणून घेतल्यान, डॉक्टर, त्यांची चूक नाय." डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने वहिनीला बाहेर थांबायला सांगितलं आणि मला शांतपणे विचारलं, "मुद्दाम घेतल्यात का? मला खरं सांगा, मी रागावणार नाही." मी नाही म्हणाले. तेव्हा रागावली. म्हणाली, "राहिलेली गोळी भरून काढायची नसते. काय करायचं कळलं नाही तर फोन करायचा. वेळेवर आलात म्हणून बरं." मला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, छातीला तारा लावल्या. थरथर थांबायला दुसरा दिवस उजाडला.

वहिनी खाटेपाशी स्टुलावर बसून राहिली. बाजार बुडवला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बहीण काय गो तुझी?" वहिनी म्हणाली, "नणंद. एमे झालीय." मग माझ्याकडे वळून, अगदी तुझ्या आवाजात, "एवढी बुकं वाचलात आणि गोळी खाताना माझं ऐकलात? माझं? मी चौथी नापास. काय झालं असतं तर आईंना काय सांगितलं असतं मी?" तिचे डोळे भरले होते. शेजारची म्हातारी हसत होती. मला चारचौघांत ओरडा बसत होता. तिला खरं कारण सांगता आलं असतं. तुझं होतं म्हणून घेतलं, तिच्याकडे आहे ते मला हवं होतं म्हणून घेतलं. मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलं म्हणे," आणि उशी सारखी केली.

तेव्हापासून पाकीट तिच्याकडे असतं. सकाळी जेटीवर लिलावाला निघण्याआधी ती माझ्या खोलीत येते, एक गोळी हातावर ठेवते, पाणी देते आणि उभी राहते. गिळली की म्हणते, "तोंड उघडा. जीभ वर करा." मी करते. "हां." मग आज बाजारात काय येईल, कोण बाई कालपासून फुगून बसली आहे, हे सांगत केस बांधते. तू भेटलीस तर विचारीन, ती तुझ्यापाशीही अशीच उभी राहायची का. उत्तर हो असेल तर सांगू नकोस.

हे कोणाला दाखवायचं नाही. दाखवायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाली, तुम्ही आता बऱ्या आहात, गोळ्या तुमच्याकडे ठेवा, तुमच्या तुम्ही घ्या. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणाली?" मी म्हणाले, "आहे तसंच चालू ठेवा म्हणाली."